दोब्रीनबद्दल तू फोनवर जे म्हणालास त्यावर

प्रिय ओम,

काल फोनवर म्हणालास ना, फुटबॉलचे प्लेयर पैसा दिसला की क्लब सोडतात, रोमानियाचा हाजीसुद्धा पैशासाठीच गेला, आणि त्याच्या आधीचा रोमानियाचाच तो निकोलाए दोब्रीन बघ, स्पेनचा रियल माद्रिद क्लब मागे लागला तरी आपलं पितेश्त शहर सोडलं नाही, याला म्हणतात लॉयल्टी. मला तेव्हाच बोलायचं होतं पण तुझी बस आली म्हणून लिहितेय. अरे त्याला सोडूच दिलं नाही रे.

१९७२ साली त्याची टीम आर्जेश पितेश्त पहिल्यांदाच रोमानियाची चॅम्पियन झाली आणि युरोपातल्या चॅम्पियन क्लबांच्या स्पर्धेत, युरोपियन कपमध्ये, गाठ पडली ती थेट रियल माद्रिदशी, पितेश्तमध्ये आर्जेश २-१ ने जिंकली, एक गोल दोब्रीनचा. माद्रिदला ३-१ ने हरले ते सोड, पण रियलचे प्रेसिडेंट सांतियागो बर्नाबेऊ, ज्यांच्या नावाचं ते स्टेडियम आहे तेच, त्यांना हा पोरगा हवाच होता. त्याच डिसेंबरमध्ये रियलचा जुना प्लेयर खेंतो याच्या निरोपाच्या मॅचला त्याला बोलावलं आणि तो रियलचा पांढरा शर्ट घालून खेळला सुद्धा! २५ वर्षांचा होता फक्त. तो शर्ट एकदा अंगावर चढला आणि मॅच संपली की उतरवून घरी परत, कारण जायचं की नाही हे ठरवणार रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट आणि तिने नाही म्हणून सांगितलं. दोब्रीन म्हणजे देशाची संपत्ती, ती विकायची नसते, असं कारण दिलं होतं म्हणतात. माणसाला संपत्ती म्हणायचं, मला हे वाचूनच संताप येतो.

आणि या संपत्तीची किंमत काय केली ते पण बघ. १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपला त्याला टीमबरोबर नेलं आणि एक मिनिट खेळवलं नाही. १९६६ आणि १९६७ ला रोमानियाचा बेस्ट प्लेयर ठरलेला माणूस, समोर इंग्लंड, चेकोस्लोव्हाकिया, पेलेचं ब्राझील, आणि कोच अँजेलो निकुलेस्कूने तिन्ही मॅचला बाहेर बसवलं. दारू, शिस्त, फिटनेस, लोक नाना कारणं सांगतात. पीत होता, ते मी झाकत नाही, पण ब्राझीलशी रोमानिया ३-२ ने हरली तेव्हा तो मैदानात असता तर, हे तिकडचे लोक अजून बोलतात.

तू म्हणशील मग पळून का नाही गेला. गेले ना काही जण, स्तेआउआचा मार्चेल रादुकानू १९८१ मध्ये टीमबरोबर पश्चिम जर्मनीत डॉर्टमुंडला गेला आणि तिथेच राहिला, तर रोमानियात त्याला त्याच्या पाठीमागे शिक्षा ठोठावली. स्तेआउआ सैन्याचा क्लब, दिनामो गृहखात्याचा, प्लेयर कागदावर हौशी, म्हणजे क्लब सोडणं हा सरकारशीच पंगा. सगळ्यांना ते कसं जमणार, घरचे मागे राहतात.

त्याचं पितेश्तवर प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाहीये हं. १९७९ मध्ये सीझनची शेवटची मॅच, बुखारेस्टला दिनामोच्या घरी, ३-३, आणि शेवटच्या मिनिटाला गोल कोणाचा तर दोब्रीनचा, ४-३, आर्जेश दुसऱ्यांदा चॅम्पियन. ३१ वर्षांचा होता तेव्हा. आज तिथलं स्टेडियम त्याच्याच नावाचं आहे, लोक त्याला त्रिवालेचा राजपुत्र म्हणतात, त्रिवाले म्हणजे पितेश्तचं ते जंगल. २००७ मध्ये ६० व्या वर्षी गेला बिचारा, फुप्फुसाचा कॅन्सर.

पण हे प्रेम त्याने निवडलं असं म्हणायला दुसरा दरवाजा उघडा हवा होता रे, तो कधी उघडलाच नाही. डिसेंबर १९८९ ला चाउशेस्कू गेला आणि पुढच्याच उन्हाळ्यात हाजी रियल माद्रिदला, तोपर्यंत दोब्रीन बेचाळिशी ओलांडलेला. म्हणून दोब्रीनचं कौतुक खुशाल कर, पण त्याच्या नावाने हाजीला पैशासाठी गेला असं बोलू नकोस.

तुझी,
आई