शिमगोत्सवात शस्त्रकौशल्याचीही स्पर्धा व्हावी

मा. संपादक महोदय,

सादर नमस्कार.

गोव्यात शिमगोत्सवाच्या मिरवणुका निघतात तेव्हा रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारी पथके), लोकनृत्य, चित्ररथ आणि वेशभूषा यांच्या स्पर्धा होतात, परीक्षक बसतात, बक्षिसे दिली जातात. त्याच रस्त्यावर ढोल-ताशांच्या गजरात तरुण मुले तलवार, लाठी आणि दांडपट्टा फिरवत जातात. त्यांच्या हाताची पारख करणारा स्वतंत्र विभाग मात्र माझ्या पाहण्यात नाही. तो सुरू व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

डिचोली आणि सत्तरी भागातील घोडेमोडणीला या मागणीतून मी आरंभीच वगळतो. कमरेला फुलांनी सजवलेला घोडा बांधून, उजव्या हातात नंगी तलवार धरून ठेक्यावर मागेपुढे होणारी ती पावले हा ग्रामदेवतेच्या अंगणातील विधी आहे आणि त्याला गुण देण्याचा अधिकार कोणत्याही परीक्षकाला नाही. प्रश्न आहे तो कौशल्य म्हणून शस्त्र शिकणाऱ्या मुलांचा. वर्षभर सराव करून त्यांच्या वाट्याला चालत्या मिरवणुकीतली दोन मिनिटे येतात.

शस्त्रविद्येची लोकांसमोर परीक्षा घेण्याची प्रथा जगात फार जुनी आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने 1540 साली लंडनच्या शस्त्रगुरूंच्या मंडळाला अधिकारपत्र दिले. या मंडळात शिष्याला वरची पायरी हवी असेल, तर शहरात आगाऊ जाहिराती लावून, जमलेल्या लोकांदेखत, ठरलेल्या शस्त्रांनी त्याला जाणकार प्रतिस्पर्ध्यांशी एकामागून एक खेळावे लागे. गुरूचा मान मिळाला तो मैदानावर मिळाला आणि तो कसा मिळाला हे गावाने पाहिलेले असे. जपानचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. सामुराई वर्गाचा जुना आधार तुटला, तलवारबाजांवर उपासमारीची पाळी आली, तेव्हा साकाकिबारा केन्किची या शस्त्रगुरूने 1873 साली टोकियोत तिकीट लावून तलवारबाजीचे सामने भरवले. विद्येचा बाजार मांडला अशी टीका त्याच्यावर झाली. पण त्या सामन्यांमुळे हात चालते राहिले, पुढे टोकियोच्या पोलीस दलाने अशा तलवारबाजांना शिक्षक म्हणून नेमले आणि आजच्या केन्दोपर्यंत, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळापर्यंत, ती परंपरा तुटली नाही.

लष्करी स्पर्धांत सर्वांत गाजलेली लंडनची ‘रॉयल टूर्नामेंट’ 1880 साली इझलिंग्टनच्या ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये सुरू झाली. तलवारीविरुद्ध संगीन, भाल्याविरुद्ध तलवार अशा लढती तेथे होत. दौडत्या घोड्यावरून भाल्याच्या टोकाने जमिनीतली मेख उचलणे आणि दोरीला टांगलेले लिंबू तलवारीने कापणे हे प्रकार पाहायला गर्दी लोटत असे. लिंबू कापणे ऐकायला किरकोळ वाटते. परंतु घोड्याची चाल, स्वाराची बैठक आणि पात्याची धार एका क्षणी एका रेषेत आली तरच ते कापले जाते. पाते किंचित आडवे पडले की लिंबू नुसते झुलते आणि स्वार पुढे निघून गेलेला असतो. काळाबरोबर तोफांची शर्यत, बँड आणि मोटारसायकलींच्या कसरती यांना महत्त्व येत गेले, समोरासमोरच्या लढती मागे पडल्या आणि 1999 साली त्या वार्षिक सोहळ्याची परंपरा थांबली. त्यामागे खर्चापासून अनेक कारणे असतील. तरीही देखावा वाढत जातो तशी कसोटी आखडत जाते, ही गोष्ट आयोजकांनी ध्यानात घ्यावी असे मला वाटते.

आपल्याकडे याच गोष्टी कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत आजही दिसतात. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट बांधले जाते आणि सारे वार खांद्यातून, कमरेतून आणि पायांच्या फेकीतून काढावे लागतात. लवचीक पाते सरळ राखून लिंबाचे दोन भाग करणारा पट्टेकरी आणि नुसता पट्टा गरगर फिरवणारा मुलगा यांतला फरक जाणत्या डोळ्यांना लगेच कळतो. सामान्य प्रेक्षकाला तो कळण्यासाठी स्पर्धा लागते. जोडीच्या लढतीसाठी आपल्या परंपरेत फरी-गदगा आहेच. ढाल आणि चामडे चढवलेली काठी घेऊन इजा न होता वार मोजता यावेत, ही सोय आपल्या वस्तादांनी पूर्वीच करून ठेवली आहे. महाराष्ट्र शासनाने 2024 साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला, याचा आनंद गोव्यातील मराठी माणसालाही झाला. पण शस्त्राचा गौरव झाला तरी ते हाती धरणारी पिढी सरावानेच तयार होते.

नियम कसे करणार, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गोव्याच्याच भूमीवर मिळाले आहे. 2023 साली येथे झालेल्या 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पंजाबचा गटका पदकाच्या खेळांत होता. काठी आणि फरी घेऊन खेळायचे, प्रतिस्पर्ध्याला झालेल्या स्पर्शाला गुण द्यायचे, अशी त्याची रीत आहे. निहंग शिखांच्या मेळ्यात दिसणारी विद्या राष्ट्रीय पदकापर्यंत पोहोचते, तर आपल्या फरी-गदग्याला निदान तालुका पातळीवरचे मैदान मिळायला हरकत नसावी.

म्हणून शिमगोत्सव समित्यांना आणि कला व संस्कृती तसेच क्रीडा खात्याला माझी विनंती आहे की, पुढील वर्षी मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सकाळी एखाद्या बंदिस्त मैदानावर ही स्पर्धा घ्यावी. फरी-गदग्याच्या जोडीच्या लढती, लाठी आणि दांडपट्ट्याची एकेरी प्रात्यक्षिके एवढे प्रकार पहिल्या वर्षी पुरेत. मुली आणि मुले दोघांनाही प्रवेश असावा, शस्त्रे बोथट असावीत, डोक्याला संरक्षण सक्तीचे करावे आणि परीक्षक म्हणून कोल्हापूरच्या जाणत्या वस्तादांना बोलवावे. विजेत्या पथकांना दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीत थांबून खेळ दाखवण्यासाठी जागा आणि पुरेसा वेळ राखून द्यावा. लिंबू कापण्याचा प्रकार मात्र वस्तादांच्या देखरेखीखाली, प्रेक्षकांपासून योग्य अंतर ठेवून आणि पोलिसांची रीतसर परवानगी घेऊनच करावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक,
डिचोली, गोवा