मामांच्या हॉर्नेटला हात लावण्याआधी विचारणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

मामांची हॉर्नेट ही रिमोटवर चालणारी छोटी गाडी तुमच्या हातून दुरुस्त होऊन परत आली त्याला बरेच दिवस झाले, तरी तिच्याकडे पाहताना अजून गळा दाटून येतो, आणि समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. तुमचे नाव कुठेही घालायचे नाही असे तुम्ही बजावले होते, ते मी पाळत आहे. तुम्ही काय केलेत ते सांगायचे नाही, असे मात्र तुम्ही म्हणाला नव्हता.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. जपानमधील शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीने १९८४ साली 'हॉर्नेट' ही रेडिओवर चालणारी रेसिंग बगी बाजारात आणली. खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची, मागच्या दोन चाकांवर चालणारी, ५४० या मापाच्या मोटरची ही गाडी सुट्या भागांच्या खोक्यात मिळे आणि घेणाऱ्याने ती स्वतः जोडायची असे. माझे मामा त्या काळी व्यापारी जहाजावर इंजिनीअर होते आणि त्यांनी ती कोबे बंदरात विकत घेतली. तेव्हा आपल्याकडे अशा वस्तू दुकानांत क्वचितच दिसत; येत त्या जहाजावरच्या किंवा आखातातल्या एखाद्या नातेवाइकाच्या सामानातून. परतीच्या प्रवासात आपली पाळी संपली की मामा केबिनमध्ये बसून ती जोडत आणि ब्रशने रंगवत. खोक्यावरच्या चित्रात गाडी काळी होती, मामांनी ती निळी केली आणि नाकापासून मागच्या टोकापर्यंत एक पिवळी रेघ ओढली. पुढे कितीतरी सुट्ट्या रत्नागिरीजवळच्या आजोळच्या अंगणात, जांभ्याच्या लाल मातीत, आम्ही सगळी भावंडे ती गाडी पळवत होतो. हॉर्नेटची मोटर, गिअरबॉक्स आणि मागचा आस हे सारे एकत्रच वरखाली होते, त्यामुळे खडबडीत जमिनीवर तिचा मागचा भाग सारखा उड्या मारतो. त्या उड्यांवर आम्ही लहानपणी जीव टाकला आहे.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिची दशा वाईट होती. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीतून क्षार बाहेर येऊन तारांच्या टोकांवर पांढरी पूड जमली होती, मागच्या काटेरी टायरांचे रबर चिरले होते, गिअरबॉक्सच्या सांध्यांत लाल माती घट्ट बसली होती, आणि भिंतीवर आपटून आपटून बॉडीच्या नाकावरचा रंग पापुद्र्यांनी निघून गेला होता.

तुमच्याकडे येण्यापूर्वी ज्यांच्याकडे गेले त्यांची नावे मी घेणार नाही. पण त्यांनी काय केले ते मात्र लिहिणार आहे, कारण त्यावाचून तुमच्या वागण्याचे मोल कळणार नाही. पहिल्या दुकानात 'जुन्या गाड्यांचे तज्ज्ञ' अशी पाटी होती. जपानी स्क्रूच्या खाचेचा आकार आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या फिलिप्सपेक्षा थोडा वेगळा असतो आणि त्याला त्याच मापाचा पेचकस लावावा लागतो, एवढी गोष्ट त्या तज्ज्ञांना ठाऊक नव्हती किंवा ठाऊक असूनही त्यांना पर्वा नव्हती. त्यांनी अर्ध्या स्क्रूंची डोकी खाऊन टाकली. त्यानंतर बॉडीचा एक कोपरा थिनरने पुसला आणि जे पॉलिकार्बोनेट, म्हणजे बॉडीचे पारदर्शक प्लॅस्टिक, इतकी वर्षे काचेइतके स्वच्छ राहिले होते ते तिथे कायमचे पांढुरके झाले. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की जुने प्लॅस्टिक आहे, असे होणारच. दुसऱ्या गृहस्थांनी आगाऊ पैसे घेऊन गाडी कित्येक महिने नुसती ठेवून घेतली, फोन उचलणे बंद केले आणि शेवटी परत दिली तेव्हा पुढच्या चाकाला धरणारा एक सस्पेन्शन आर्म गायब होता. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच होता, की ताई, मुलासाठी करून घेताय का? गाडी माझी आहे, हे सांगितल्यावर त्या दोघांचाही कामातला रस कमी झालेला मला स्पष्ट दिसला.

आणि दोघांचा सल्लाही एकच होता: ही बॉडी फेका, नवी टाका. टामियाने २००४ साली हॉर्नेट पुन्हा बाजारात आणली आहे, त्यामुळे नवी पारदर्शक बॉडी, नवे स्टिकर, नवे टायर हे सर्व मागवता येते, हे खरेच आहे. नव्या बॉडीला पैसेही फार लागत नाहीत. या सल्ल्यामागचे तांत्रिक कारणही मला समजते. अशा बॉडीचा रंग बाहेरून नव्हे, तर आतून दिलेला असतो. जे डोळ्यांना सर्वांत वर दिसते ते सर्वांत आधी रंगवावे लागते. म्हणजे मामांनी आधी पिवळी रेघ ओढली, ती वाळल्यावर तिच्यावरून निळा दिला आणि निळा उठून दिसावा म्हणून शेवटी पांढऱ्याचा हात फिरवला. त्यामुळे रेघ दुरुस्त करायची तर तिच्यामागचे सगळे थर सांभाळत आतूनच काम करावे लागते, आणि चुकीचे द्रावण लागले की प्लॅस्टिकच जाते. एवढी मेहनत घेण्यापेक्षा नवी बॉडी रंगवणे कोणालाही सोपे वाटेल. तिच्यावर माझ्या मामांचा हात फिरलेला आहे, हे मात्र त्या हिशेबात कोणीच धरले नव्हते.

काका, तुमच्याकडे मी खरे तर फक्त स्क्रू काढून घेण्यासाठी आले होते. कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे अवजारे घडवणाऱ्या विभागात, सारी नोकरी झालेला माणूस खाल्लेल्या डोक्याचे स्क्रूसुद्धा प्लॅस्टिकला धक्का न लावता काढतो, इतकेच मला कोणीतरी सांगितले होते. तुम्ही बॉडी हातात घेतलीत, खिडकीपाशी गेलात, उजेडासमोर धरून आतून पाहिलीत आणि बराच वेळ काहीच बोलला नाहीत. नंतर त्या पिवळ्या रेघेवरून, बोट न टेकवता, वरूनच हात फिरवून विचारलेत, "ही कोणी रंगवली?" मी सांगितले. तुम्ही विचारलेत, "आहेत ना ते?" मी म्हटले, आहेत, कोकणात असतात. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग त्यांना विचारल्याशिवाय मी हिला हात लावणार नाही. फोन लावून द्या."

मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. ज्यांनी पैसे घेतले त्यांना सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही सुचले नव्हते, कारण मामांना दुरुस्त झालेली गाडी एकदम नेऊन दाखवायची असे माझ्या मनात होते. तुम्ही मामांशी बोललात ते समव्यवसायी माणसाशी बोलावे तसे बोललात. रंग कुठून घेतला होता, किती पातळ केला होता, ब्रश कसला होता, पांढरा थर एकदाच दिला की दोनदा, हे सगळे विचारलेत. आणि मग तो प्रश्न विचारलात, जो मी जन्मभर विसरणार नाही. नाकापाशी रेघेचा जो तुकडा गेला आहे तो भरताना रेघ सरळ ओढू की तुमच्या हाताची जशी हलली आहे तशीच हलती ठेवू?

तोवर आम्हा कोणालाही ती रेघ हललेली आहे हे कधी जाणवलेच नव्हते. मामा पलीकडे क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले की कोबे सोडल्यावर समुद्र खवळलेला होता आणि इंजिनाची थरथर टेबलापर्यंत येत होती, पट्टी धरूनही रेघ सरळ येईना, तेव्हा तशीच ठेवली. "हलतीच ठेवा," ते म्हणाले. "मला कोणी विचारील असं वाटलं नव्हतं." आमचे मामा मोजके बोलणारे आहेत आणि वयोमानाने आता अधिकच गप्प असतात. त्या संध्याकाळी त्यांनी मला पुन्हा फोन करून जहाजावरच्या त्या दिवसांविषयी जे सांगितले, ते आमच्या घरात कोणीच कधी ऐकलेले नव्हते. एका रेघेविषयी नीट प्रश्न विचारल्यामुळे हे घडले, आणि तो प्रश्न तुमचा होता.

तुमच्या कामाविषयी सविस्तर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, पण काही गोष्टी लिहिल्यावाचून राहवत नाही. निळा रंग जुळवताना तुम्ही पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या फालतू तुकड्यावर मिश्रण लावून, मागे पांढरा देऊन, ते उलट बाजूने दिवसाच्या उजेडात पाहत होता आणि पसंत पडेपर्यंत बॉडीकडे वळत नव्हता. गेलेला रंग तुम्ही फवारला नाहीत, ब्रशनेच भरलात, कारण मामांनी ब्रश वापरला होता. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना तो आधी अलगद उलटा फिरवून जुने आटे सापडल्यावरच आवळायचा, हे तुम्ही मला करून दाखवलेत, आणि आता मी दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने स्क्रू लावू शकत नाही. आस ज्यांत फिरतो त्या झिजलेल्या प्लॅस्टिकच्या बुशांच्या जागी बॉल बेअरिंग घालण्याआधीही तुम्ही विचारलेत. मागच्या उड्या मात्र कमी करू का, असे विचारले नाहीत; त्या तशाच राहायला हव्यात हे तुम्हाला न सांगता कळले होते.

वीज अडवणाऱ्या रोधकाच्या पट्टीवर सर्व्होने, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या छोट्या मोटरने, पाते सरकवून वेग कमीजास्त करणारा मूळचा यांत्रिक स्पीड कंट्रोलर तुम्ही काढून टाकला नाहीत, त्याचे संपर्कबिंदू साफ करून तोच चालू केलात. रेडिओ मात्र नवा घ्यायला लावलात, कारण २७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालणाऱ्या जुन्या संचावर भरवसा ठेवला आणि ताबा सुटून गाडी कोणाच्या पायावर गेली, असे होऊ नये. लिथियम बॅटरी का नको, हेही समजावून सांगितलेत: हा जुना कंट्रोलर व्होल्टेज घसरल्यावर मोटर बंद करीत नाही, त्यामुळे लिथियमच्या पेशी मर्यादेपलीकडे रिकाम्या होऊन धोका होऊ शकतो, तेव्हा सहा पेशींची, ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच बरी. इतर कोणी मला यातले काहीही सांगितले नव्हते. त्यांनी फक्त वस्तू विकण्याची तयारी दाखवली होती.

थिनरने गेलेल्या कोपऱ्याविषयी तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलेत की तो डाग जाणार नाही आणि तो झाकण्यासाठी वरून स्टिकर चिकटवणे तुम्हाला पटत नाही. मला तेव्हा वाईट वाटले होते. आज वाटते की आशा लावून पैसे घेणाऱ्यांच्या तुलनेत हे एक सरळ 'नाही' किती सभ्य होते!

मिरजेचे सतारमेकर जवारी काढण्याआधी, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद जुळवण्याआधी, वादकाला वाजवायला सांगतात, त्याला कसा नाद हवा ते ऐकून घेतात आणि मगच घोडीला कानस लावतात. वाद्य त्यांनी घडवलेले असले तरी नाद वाजवणाऱ्याचा आहे, हे ते जाणतात. तुमचा प्रश्न त्याच कुळातला होता. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी तिच्यामागचा माणूस कोण आहे हे विचारणारी माणसे माझ्या पाहण्यात फार थोडी आली आहेत. ती दवाखान्यात भेटली तर रुग्णाला धीर येतो, कचेरीत भेटली तर म्हाताऱ्या माणसाला चार वेळा जिने चढावे लागत नाहीत. अशी माणसे आपल्या चांगुलपणाविषयी कधी बोलत नाहीत, त्यामुळे इतरांनी बोलणे भाग आहे. ज्यांनी काम बिघडवले त्यांच्या पाट्या मोठ्या आहेत आणि तुमच्या दारावर पाटीच नाही, हे मला खरोखर खुपते. पैशांविषयी काही लिहायचे नाही असे तुम्ही म्हणाला होता, म्हणून लिहीत नाही; पण जो सुटा भाग वापरला नाहीत त्याचेही पैसे पाकिटात घालून परत पाठवलेत, एवढे नोंदवते.

काकूंनाही माझा नमस्कार सांगा. त्यांचे जेवणाचे टेबल इतके दिवस आमच्या गाडीने अडवले होते आणि त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

दिवाळीनंतर मामा पुण्याला येणार आहेत. त्यांना त्यांच्या जुन्या पेटीत हॉर्नेटच्या जोडणीची मूळ पुस्तिका सापडली आहे, समासात त्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणांसकट, आणि ती तुमच्याकडे राहावी असे त्यांनी ठरवले आहे. ती घेऊन आम्ही दोघे येऊ. मामांना तुमच्याकडून निळ्याचे मिश्रण समजून घ्यायचे आहे आणि गाडी तुमच्याच गल्लीत चालवायची आहे, तेव्हा तो दिवस मोकळा ठेवा, आणि कृपा करून "कशाला त्रास घेतलात" असे म्हणू नका.

आपली कृतज्ञ,
हॉर्नेटवाल्या मामांची भाची