निरोप्याचा राजीनामा

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय विन्या,

तू मागच्या महिन्यात फोनवर दिलेला निरोप मी दादांना दिलेला नाही. ‘त्यांना म्हणावं, सही हवी असेल तर आधी माझ्या खोलीचं बोला.’ शब्द पाठ आहेत. चरईतल्या तुमच्या घरावरून मी आठवड्यातून दोनदा जातो, एकदा तर जिन्यापर्यंत पोचलो आणि परत फिरलो. तू चिडला असशील. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत उरकण्यातलं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आमचं घर तुला माहीत आहे. आमच्याकडे भांडी आपटली नाहीत, आवाज चढले नाहीत. बोलणं बंद व्हायचं, आठ-आठ दिवस. ‘बाबांना सांग, पानं वाढलीत.’ ‘आईला सांग, मी खाऊन आलोय.’ दहा बाय बाराची खोली, दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू जातंय, आणि मधे मी पोस्टमन. निरोप मी जरा गोड करून पोचवायचो. बाबांच्या ‘नको म्हणावं’चं मी ‘बाबांना आज भूक नाहीये गं’ करायचो. मला ती माझी हुशारी वाटायची.

गेल्या पावसाळ्यात हिच्या-माझ्या अबोल्याचा तिसरा दिवस होता. धाकटी हॉलमध्ये येऊन म्हणाली, “बाबा, आई म्हणतेय गॅसचा नंबर लावा.” आणि दारातून वळून, “चिडून नाही म्हणाली हं.” विन्या, ते शेवटचं वाक्य माझं होतं रे. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी समुपदेशनाला गेलो. हसू नकोस. मुंबईचे नातेवाईक ‘याला ठाण्याला भरती करा’ म्हणायचे आणि आपण म्हणायचो, आम्ही ठाण्यातच आहोत, आता कुठे पाठवता? ते मनोरुग्णालय १९०१ सालापासून इथे आहे. आपल्याला मात्र त्याची भिंत आणि तो विनोद, एवढंच ठाऊक. असो. चार बैठकींनंतर बाई म्हणाल्या, तुम्ही माझ्याशी फार छान बोलता, त्यामुळे इथे काही दिसणार नाही, ग्रुपमध्ये या.

दर शनिवारी सहा ते साडेसात, आठ माणसं, गोल मांडलेल्या खुर्च्या, सोळा आठवडे. आतलं बाहेर बोलायचं नाही आणि बाहेर एकमेकांना भेटायचं नाही. पहिले चार शनिवार मी घड्याळाकडे बघत काढले. पाचव्याला दोघांची जुंपली. कशावरून, ते नियमाप्रमाणे सांगत नाही. मी लगेच सरसावलो, “त्यांना तसं म्हणायचं नाहीये, त्यांना असं म्हणायचंय की...” बाईंनी मला थांबवलं. “तुम्हाला निरोप कुणी दिला होता?”

कानशिलं तापली. ती दोघंही माझ्याकडेच बघत होती, आणि त्यातल्या एकीने शांतपणे सांगितलं, “तुम्ही मधे पडलात की मला वाटतं, माझं भांडणसुद्धा माझं राहिलं नाही.” चाळीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. तलावपाळीला दोन चकरा मारल्या तरी ते वाक्य काही खाली बसेना.

तेव्हापासून या विषयाचं मिळेल ते वाचतोय. आयर्विन यालोम नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने गट का काम करतो याची अकरा कारणं दिली आहेत. त्याचं मूळ पुस्तक १९७०चं. त्यातलं एक कारण असं की माणूस परक्यांच्या गोलातही आपलं घरच मांडतो. कुणाला तो आई करतो, कुणाला थोरला भाऊ. फरक इतकाच की इथे कुणीतरी हात धरून म्हणतं, थांब, हे काय करतोयस? घरी ते शक्य नसतं, कारण घरी सगळेच आपापली भूमिका वठवत असतात. मरे बोएन या दुसऱ्या तज्ज्ञाने त्रिकोणाचं सांगून ठेवलंय. दोघांतला ताण असह्य झाला की ते तिसऱ्याला मधे ओढतात. ताण तेवढ्यापुरता निवतो, पण मूळ भांडण जागच्या जागी राहतं. तिसरा बहुतेक वेळा पोर असतं.

नवव्या आठवड्याला बाईंनी घराचा नकाशा काढायला लावला. तीन पिढ्या, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, संबंध तुटला असेल तिथे रेघ तोडायची. आमच्याकडे आजोबांच्या हातची वंशावळ आहे, पण तिच्यात नुसते पुरुष! गोल भरायला आईला फोन केला. बाबा धरून चार भावंडं ना? आई गप्प झाली. मग म्हणाली, “पाच.”

थोरली आत्या. जातीबाहेर लग्न केलं म्हणून आजोबांनी नाव टाकलं. आम्हाला ‘ती गेली’ एवढंच सांगितलं होतं. मी समजलो, वारली. ती कळव्यात राहत होती, विन्या. खाडीपलीकडे, एक स्टेशन. २०११ साली गेली. बाबा दर भाऊबीजेला ‘कामावर’ जायचे ते तिच्याकडे, चोरून, आणि परत आले की आठ दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. मला वाटायचं, माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार.

त्याच भरात मी एका दिवसाच्या ‘फॅमिली कॉन्स्टेलेशन’ शिबिरालाही जाऊन आलो. कुणाचं, कुठे, ते सोड. ही पद्धत बर्ट हेलिंगर या जर्मन माणसाची. आधी दक्षिण आफ्रिकेत कॅथलिक मिशनरी होता, २०१९ मध्ये गेला. आपल्या नातलगांच्या जागी अनोळखी माणसं उभी करायची. मी एका बाईंना आत्या म्हणून खिडकीकडे तोंड करून उभं केलं आणि ढसाढसा रडलो. चालक म्हणाले, पूर्वजांची ऊर्जा बोलतेय. मला नाही पटलं. त्या बाईंचं तोंड खिडकीकडे मीच केलं होतं ना! माझ्याच डोक्यातलं चित्र बाहेर आलं, आणि तेवढंही पुष्कळ झालं.

दुपारी मात्र त्यांनी एका मुलीला, तिला लहानपणी मारहाण करणाऱ्या बापापुढे वाकायला लावलं. म्हणे, घरातला थोरल्या-धाकट्यांचा क्रम पाळल्याशिवाय मोकळं होता येत नाही. ती थरथरत होती. मी उठून बाहेर आलो. तिलाही घेऊन यायला हवं होतं, याची टोचणी आहे. जर्मनीतल्या सिस्टेमिक थेरपिस्टांच्या, म्हणजे माणसाकडे त्याच्या कुटुंबासकट बघून उपचार करणाऱ्यांच्या, एका संघटनेनेच २००४ मध्ये हेलिंगरच्या अशा हुकूम सोडणाऱ्या पद्धतीवर जाहीर टीका केली होती, हे नंतर वाचलं. त्याचं एक म्हणणं तेवढं मनात राहिलं आहे. ज्याला कुटुंबातून वगळलं जातं, त्याची जागा घरात रिकामी राहत नाही.

घरी जादू वगैरे झालेली नाही. परवाच दीड दिवसाचा अबोला झाला. धाकटी निरोप घेऊन आली तेव्हा म्हटलं, “तू अभ्यासाला बस, मी विचारतो तिला.” स्वयंपाकघरात गेलो तर काय बोलायचं तेच सुचेना. पाणी पिऊन परत आलो. मग पुन्हा गेलो.

तर असं आहे. खोलीचं, सहीचं, बिल्डर देतोय त्या कार्पेट एरियाचं, तुझं म्हणणं मला रास्त वाटतं. दादांचंही थोडं वाटतं, पण ते मी तुला सांगणार नाही आणि तुझं त्यांना. दिवाळीत ये. उतर माझ्याकडे, मामलेदारची मिसळ खाऊ, मग चरईच्या जिन्यापर्यंत मी सोबत येतो. वर तू एकटा जा.

दादांचा नंबर बदललेला नाही.

तुझा,
बाळ्या