कॉकनीतलं यमक बोलताना गाळतात, हेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉकनी म्हणजे पूर्व लंडनची बोली, तिच्यात शब्दाऐवजी त्याला यमक जुळणारी जोडी म्हणतात. तिच्यावर मराठीत काही छापून आलं की तेच ते असतं, ॲपल्स अँड पेअर्स म्हणजे स्टेअर्स, डॉग अँड बोन म्हणजे फोन, अशा दहा-बारा जोड्या द्यायच्या आणि संपलं. मी चार वर्षं पूर्व लंडनमधे बेथनल ग्रीनला राहिलोय आणि मनापासून सांगतो, ही यादी पाठ करून तिकडे गेलात तर फार काही हाती लागणार नाही, कारण जो शब्द यमकात बसतो नेमका तोच बऱ्याचदा बोलताना गाळतात.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे, जन्म तिथलाच. माझ्या किचनमधला नळ गळत होता तेव्हा ते सिंकखाली डोकं घालून म्हणाले, "हॅव अ बुचर्स." म्हणजे जरा बघ. लुकला जुळतं हुक, म्हणून बुचर्स हुक, खाटकाचा मांस टांगायचा आकडा, आणि मग हुकच उडवलं! मेट म्हणजे दोस्त, त्याला चायना प्लेट, बोलताना फक्त चायना. केसांना बार्नेट, कारण बार्नेट फेअर आणि हेअर. यमक कानावर पडतच नाही, ऐकणाऱ्याने ते मनात पुरं करायचं, आणि मला तरी सगळी कारागिरी तिथेच दिसते.

गंमत म्हणजे यातलं कितीतरी साध्या इंग्रजीत मुरलंय. "यूज युवर लोफ", म्हणजे डोकं चालव, हे लोफ ऑफ ब्रेड आणि हेडवरून आलं. बाळाच्या पोटावर तोंड टेकवून फुर्रर्र करतात त्याला रास्पबेरी म्हणतात, ते रास्पबेरी टार्टवरून, आणि टार्टला काय जुळतं ते पेपरात कसं लिहू, पण आवाजावरून कळेलच.

दुसरं, ही चोरांची भाषा असं सरसकट लिहितात ते मला पटत नाही. जॉन कॅमडन हॉटनने 1859 च्या स्लँगच्या डिक्शनरीत या शब्दांची वेगळी यादी दिली, त्यात तो याचं श्रेय रस्त्यावर गाणी विकणाऱ्यांना आणि तोंडाच्या बळावर माल खपवणाऱ्या फेरीवाल्यांना देतो. पोटासाठी दिवसभर बोलणारी माणसं ती, त्यांना नुसतं चोर म्हणून कसं चालेल?

आणि भर पडत राहिली ती वेगळीच. बेलफास्टची गायिका रुबी मरे 1955 मधे गाजली, तिच्या आडनावाला करी जुळते, म्हणून करी म्हणजे रुबी. दहा पौंडांची नोट टेनर, म्हणून तिला रेसिंगवाला आयर्टन सेना.

तेव्हा पुढच्या वेळी जोडीबरोबर निदान एक बोललेलं वाक्य तरी छापा ही विनंती. आजोबांच्या तोंडून चार वर्षांत ॲपल्स अँड पेअर्स मी एकदाही ऐकलं नाही, जिन्याला ते सरळ स्टेअर्सच म्हणायचे.

आपला,
एक नियमित वाचक