वकीलबाईंनी तुझाच प्रश्न विचारला

विश्रामबाग, सांगली

प्रिय सुधा,

दिवाळीनंतर पत्र नाही, आणि तुझे दोन फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. आवाज ऐकला असता तर रडू फुटलं असतं. ह्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट घातला, आता बरे आहेत. माझे गुडघे तसेच.

लिहायचं कारण वेगळं आहे. आम्ही वकील केला, मृत्युपत्रासाठी. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर हेच म्हणाले, "आता कागद करून टाकू." मी फुलस्केपवर लिहूनही ठेवलं होतं: घर मला, माझ्यानंतर मुग्धा-बाळूला निम्मं निम्मं. वकीलबाईंनी वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुम्ही दोघंही नसाल तेव्हा बाळूचं कोण बघणार?"

सुधा, तुझाच प्रश्न गं! तुमच्या ठाण्याच्या गच्चीत कैरीच्या फोडी वाळत होत्या, बाळू सात वर्षांचा होता आणि तू विचारलंस, "तुमच्यानंतर?" मी ताडकन उठले, रात्रीची एसटी पकडली आणि दीड वर्ष तुझ्याशी बोलले नाही. तू फुकट विचारलंस म्हणून भांडले, ह्या बाईंना फी देऊन उत्तर शोधतेय. तेव्हाचं माझं चुकलंच.

बाई शांत आहेत. आम्ही बोलत होतो तेव्हा बाळूला त्यांनी शाईचं पॅड आणि जुना शिक्का दिला. त्यानं रद्दी कागदावर ओळीनं शिक्के मारले, एकही वाकडा नाही. मग शाईचा अंगठा माझ्या पदराला पुसला. डाग अजून आहे, मी धुतलेला नाही.

काय काय कळलं म्हणून सांगू! मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावरही चालतं, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. नोंदणी सक्तीची नाही, तरी आपण करू म्हणाल्या, आणि ह्यांच्या आजारपणामुळे डॉक्टरांचा दाखलाही जोडू. ह्यांनी बँकेत माझं नाव नॉमिनी म्हणून लावलंय, मी निश्चिंत होते. तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे ताब्यात घेऊन वारसांना द्यायचे! आणि कागद न करताच ह्यांचं काही झालं असतं, तर घराचे चार सारखे हिस्से: मी, दोन मुलं आणि सासूबाई. हो, आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस. त्यांच्या हिश्शावर पुढे दोन्ही दीर. तू ओळखतेसच त्यांना.

पण माझी झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीनं. बाळू अठराचा झाला त्या दिवसापासून कायद्यानं आम्ही त्याचे आपोआप पालक नाही. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम असलेल्या बाळूसारख्यांसाठीच्या १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. अकरा वर्षं त्याचं सगळं मीच करतेय, आणि कागदावर मी कुणीच नाही. मृत्युपत्रात नुसतं नाव लिहूनही सज्ञान मुलाला पालक मिळत नाही, आपली इच्छा तेवढी लिहिता येते. त्याच्या नावावर थेट घर केलं तर सही कोण करणार? म्हणून त्याचा वाटा विश्वस्तांकडे ठेवायचा, त्यातून त्याचा खर्च. बाई म्हणाल्या, "पैसा एकाच्या हाती, सांभाळ दुसऱ्याच्या. दोन्ही एकाच माणसावर टाकू नका." हे मला फार पटलं.

मुग्धा म्हणते, "मी आहे ना, आई." आहेच गं ती. पण तिला मी भावासाठी जन्माला घातलेली नाही. पुण्यात आत्ता कुठे तिचं बस्तान बसतंय. ती फोनवर हे बोलते तेव्हा मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि मला वाटतं, हिच्या स्वयंपाकघरात मी आणखी एक पान कायमचं मांडतेय. ह्यांचं म्हणणं, बहीण नाही करणार तर कोण करणार? त्यावरून आमचं रोज होतं. काल मी जेवले नाही.

विश्वस्तांच्या ओळीत दोन नावं लिहून झाली, मुग्धा आणि माझा मामेभाऊ. तिसरी ओळ रिकामी आहे. तुझं नाव सांगितलं तर बाई म्हणाल्या, तुमच्याहून लहान माणूस बघा. तेव्हापासून तुझ्या ऋचाचंच नाव मनात येतंय. तिच्या लग्नात बाळू सगळा वेळ तिचा शेला धरून उभा होता, आणि फोटोवाल्यानं बाजूला व्हायला सांगितलं तर तीच म्हणाली, "असू दे त्याला." तिनं त्याला सांभाळायचं नाही, वर्षातून एक-दोनदा हिशेब बघायचा, सही करायची, आणि तो कुठे राहतो तिथे जाऊन त्याची नखं कापलेली आहेत का ते बघायचं. एवढंच.

तू आधी तिच्याशी बोल, जावयांशीही. मी थेट विचारलं तर तिला नाही म्हणता येणार नाही. नाही म्हणालीस तर ह्या वेळी भांडणार नाही, शप्पथ.

तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं? वहिनी परत आल्या का? नव्या घराचे फोटो पाहिले, ओटा छान आहे. सगळं सविस्तर कळव.

वकीलबाईंकडे पुढच्या गुरुवारी जायचंय. त्याआधी फोन कर, मी उचलेन.

तुझी,
कुंदा