कार्ड काढलं, पुस्तक कपाटातच राहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या अभ्यासिकेत पंचवीसेक मुलंमुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. भरतीच्या जाहिराती वेळेवर फळ्यावर लागाव्यात म्हणून मी फीड रीडर वापरते, म्हणजे निरनिराळ्या संकेतस्थळांवरचा नवा मजकूर एका जागी आणून दाखवणारं सॉफ्टवेअर. त्यात संकेतस्थळाचा पत्ता टाकला की तिथलं आरएसएस फीड, म्हणजे नव्या मजकुराच्या यादीची फाइल, तो स्वतःच हुडकतो. पानाच्या न दिसणाऱ्या शीर्षभागात 'रेल अल्टरनेट' अशी एक लिंक असते, तिच्यात फीडच्या फाइलचा पत्ता असतो. २००२ पासूनची ही रीत. आमच्या कार्डांच्या लाकडी खणांतही हेच होतं. कार्डात पुस्तक नसतं, ते कुठे आहे तेवढं असतं.

गेल्या पावसाळ्यात एका खात्याच्या संकेतस्थळाला नवं रूप आलं. त्यानंतर माझ्या रीडरमध्ये त्या खात्याचं काहीच येईना. मला वाटलं, जाहिरातच निघाली नसेल. एक मुलगी फॉर्म भरायला गेली तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. परीक्षा फीचे पैसे तिनं वहीच्या कव्हरात जपून ठेवले होते. ते तसेच घेऊन ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

त्या रात्री मी पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडून ओळ न् ओळ वाचली. अल्टरनेटची लिंक गायब. जुन्या फीडचा पत्ताही बंद. अंदाजानं नव्या पत्त्यापुढे 'फीड' जोडून पाहिलं, तर फाइल उघडली! जाहिरात तिच्यात होती, तारखेसकट. सॉफ्टवेअर इमानानं फाइल बनवत होतं, पान मात्र तिचा पत्ता सांगत नव्हतं.

पानानं असा पत्ता सांगणं अवघड काम नाही. विकिडेटा या माहितीच्या खुल्या कोशात मराठी भाषेची क्यू१५७१ ही नोंद उघडा. तीच माहिती जेसन आणि आरडीएफ या संगणकाला वाचता येणाऱ्या स्वरूपांत कुठे मिळेल, हे त्या पानाच्या शीर्षभागातच लिहिलेलं आहे. पीडीएफला असा शीर्षभाग नसतो, पण सर्व्हर फाइल पाठवताना सोबत 'लिंक' हेडर, म्हणजे असाच पत्ता सांगणारी ओळ, पाठवू शकतो.

संकेतस्थळाच्या निविदेतच ही अट घालावी, आणि काम ताब्यात घेताना एखाद्या रीडरमध्ये पत्ता टाकून फीड सापडतं का ते तपासावं, असा अर्ज मी त्या खात्याला दिला आहे. गेलेली लिंकही छापून जोडली आहे. आपल्या संकेतस्थळाच्या पानांवर ती आहे का, तेवढं कृपया पाहावं. आपल्या नोकरीविषयक बातम्याही मला फळ्यावर लावायच्या आहेत.

आपली,
एक ग्रंथपाल, जि. सातारा