मागचं गेट आणि शोषखड्डा : समितीला स्मरणपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती, खारघर, नवी मुंबई

स.न.वि.वि.

मागच्या गेटला कुलूप लावल्याबाबतचा माझा अर्ज गुढीपाडव्याच्या आधीचा आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींप्रमाणे (नियमांप्रमाणे) सभासदाची तक्रार समितीच्या पुढच्या सभेत ठेवून त्यानंतर १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. गणपती येऊन गेले, तरी "बघतो" यापलीकडे उत्तर नाही. म्हणून पुन्हा लिहीत आहे.

गेटला कुलूप लागलं ते बी विंगच्या तळमजल्यावरील एका सभासदांच्या सांगण्यावरून. शाळेच्या मुलांच्या गोंगाटाने त्यांची झोपमोड होते. त्यांच्या त्रासाबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण एका घरासाठी, सर्वसाधारण सभेत विषय न घेता, सगळ्यांची वाट बंद करायची?

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने इथले सेक्टर आखताना शाळा, बाजार, मैदान घरापासून पायी गाठता यावं हा विचार केला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि आपलं पेठपाडा स्टेशन मागच्या गेटमधून चालत जाण्याइतकं जवळ आलं. आता त्यासाठी पुढच्या गेटने अख्ख्या सेक्टरला वळसा पडतो. फुटपाथवर गाड्या उभ्या असतात, त्यामुळे मुलं डंपरच्या बाजूने चालतात. नाहीतर दप्तर ग्रिलवरून पलीकडे टाकून मागून स्वतः चढतात. त्या ग्रिलला वर टोकदार सळ्या आहेत, हे समितीने एकदा जाऊन बघावं. सुरक्षेचं कारण पटत नाही. मागच्या गेटवर कॅमेरा आहे, आणि पुढच्या गेटने डिलिव्हरीवाले नोंद न करता सर्रास आत येतात.

यातूनच पुढचं सगळं झालं. चालणं बंद झाल्यावर घरोघरी आणखी एक गाडी आली, पार्किंग अपुरं पडलं, आणि समितीने कुंपणालगतची हिरवळ काढून पेव्हर ब्लॉक बसवले. तिथेच आपला शोषखड्डा, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा होता. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. आपल्याकडे ते होतं आणि आपणच बुजवलं. खड्ड्याच्या झाकणावर आज बी विंगच्या त्याच सभासदांची तिसरी गाडी उभी असते. जुलैत सी विंगच्या लिफ्टच्या तळाशी पाणी शिरलं, पंप भाड्याने आणावा लागला. मे महिन्यात टँकर मागवले होते. दोन्ही खर्च सगळ्यांच्या मेंटेनन्समधून गेले.

सी आणि डी विंगमधील बहुतेकांचं हेच म्हणणं आहे. ज्येष्ठांच्या कट्ट्यावर रोज हाच विषय असतो. रोज तोंड बघायचं असतं म्हणून कोणी सही करायला पुढे येत नाही, एवढंच.

मागणी फार मोठी नाही. गेट सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ९ उघडं ठेवावं, चावी वॉचमनकडे असावी. ती गाडी हलवून शोषखड्डा साफ करावा आणि त्याभोवतीचे पेव्हर काढावेत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायचीच आहे; हा विषय तिच्या विषयपत्रिकेवर लेखी घ्यावा. तसं झालं नाही, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जाण्याशिवाय माझ्यापुढे मार्ग राहणार नाही.

झाकणाचे आणि ग्रिलचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
सभासद, सी विंग